दोन जन्मवर्षं, दोन वडील: नाशिक-त्र्यंबकच्या नामावळीतून घराण्याचा माग

वंशावळ शोधायला नाशिकला जाणार असाल तर पितृपक्ष टाळा. रामकुंडावर तेव्हा उपाध्यांना मान वर करायला फुरसत नसते आणि तुमच्या घराण्याची नामावळी, म्हणजे तीर्थाला येऊन गेलेल्यांची नावं पिढ्यान् पिढ्या लिहिलेली त्यांच्याकडची वही, काढायला कुणी माळ्यावर चढणार नाही. २०२६-२७ चा सिंहस्थ तर तोंडावरच आहे. पर्वण्यांच्या आसपास पंचवटीत शिरणंही अवघड होईल. आम्ही, म्हणजे मी आणि माझा चुलत भाऊ, आठवड्याच्या मधल्या वारी आणि तेही दुपारी गेलो. सकाळी घाटावर विधी चालतात, दुपारनंतर गुरुजी घरी निवांत भेटतात. नाशिकरोड स्टेशनावर उतरून पंचवटीला बस किंवा रिक्षा मिळते.

जाताना प्रश्न दोन होते. आजोबांचं जन्मवर्ष शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरातल्या बोलण्यात दुसरं. आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव भाऊकीतल्या दोन वंशावळींत वेगवेगळं. दोन्ही बाजू आपापल्या कागदावर ठाम. लग्नकार्यात यावरून आवाज चढलेले मी ऐकले आहेत.

तीर्थोपाध्ये शोधताना आपल्या कुळाचे गुरुजी कोण हे आधी विचारावं लागतं. ही वाटणी गाव, जात आणि आडनावावर पिढ्यान् पिढ्या ठरलेली आहे. रामकुंडाजवळ कुठल्याही गुरुजींना गावाचं नाव सांगा, ते योग्य घराकडे पाठवतात. आमच्या गुरुजींचा पहिला प्रश्न होता, ‘‘गाव कुठलं? आत्ताचं नको, मूळ.’’ दुसरा, ‘‘पाटील हे झालं हुद्द्याचं. मागचं आडनाव काय?’’ याचं उत्तर घरूनच घेऊन जा. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही नावं वतनावरून पडलेली. जुन्या नोंदी बहुधा मूळ आडनावाखाली असतात. गाव धरणाखाली गेलं असेल किंवा तालुका बदलला असेल तर जुना तालुका, जुना जिल्हा आणि शेजारच्या दोन-तीन गावांची नावं लिहून न्या.

वही उघडली तेव्हा पानाच्या कडा तपकिरी होऊन झिजलेल्या होत्या. वरच्या नोंदी मोडीत, खालच्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि अगदी अलीकडच्या बॉलपेनने. मधल्या एका नोंदीखाली पणजोबांची सही होती. अक्षरं सुटी सुटी, शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं. नोंदीत शके १८४२, भाद्रपद. कोण आलं, कशासाठी (सिंहस्थ), वडील, आजा, भाऊ, बायको आणि शेवटी मुलगा म्हणून आमच्या आजोबांचं नाव.

इथेच पहिल्या प्रश्नाची गाठ सुटायला लागली. शके १८४२ चा भाद्रपद म्हणजे १९२० चा सप्टेंबर. आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२२. जन्माआधी दोन वर्षं ते रामकुंडावर हजर!

१ जूनला आपल्याकडे किती म्हातारी माणसं जन्मली आहेत हे कुठलीही जुनी सेवापुस्तकं चाळा, कळेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर वय अंदाजाने लिहायचे, तारीख ठरलेली. म्हणून दाखल्यावर १ जून दिसला की ती तारीख कुणीतरी बसवलेली आहे असंच धरून चाला. मग पाहायचं ते वर्ष का निवडलं हे. आजोबा १९२८ मध्ये पहिलीत बसले, म्हणून मास्तरांनी त्यांना सहा वर्षांचं केलं. (याचा फायदा असा झाला की ते नोकरीतून तीन वर्षं उशिरा निवृत्त झाले. घरात ही गोष्ट कुणी फार मोठ्याने बोलत नसे.)

पण नामावळीतला मुलगा म्हणजे आजोबाच कशावरून? त्याच नावाचा थोरला भाऊ लहानपणीच गेला असेल आणि नाव पुढच्याला दिलं असेल, ही शंका भावाने काढली आणि ती रास्त होती. यावर उपाय तालुक्याला. गाव नमुना नंबर १४, म्हणजे बोलीत कोतवाल बुक, हे गावच्या जन्म-मृत्यूंचं रजिस्टर. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून पाहता येतं, आणि नकलेसाठी वेगळा अर्ज लागतो. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही रजिस्टरं बऱ्याच ठिकाणी बाहेर काढून स्कॅन केली गेली. काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती पानं आहेत, जाण्याआधी तिथे बघा. आम्हाला मात्र प्रत्यक्षच बसावं लागलं. मोडी वाचणारं कुणी सोबत हवंच. आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक आले होते.

आमच्या गावच्या बुकात आजोबांचा जन्म नाहीच. १९१८ पासून १९२३ पर्यंत पानं पाहिली. १९१८ च्या शरदातली पानं वेगळीच उमटतात: एन्फ्लुएन्झाची साथ, एका दिवसाला नोंदींवर नोंदी, कारणाच्या रकान्यात खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, आणि खालच्या ओळींत तेही लिहायचा कंटाळा आल्यासारखी नुसती रेघ. सोबतचे शिक्षक वाचता वाचता थांबले आणि चष्मा पुसून पुढे गेले.

जन्म का नाही, हे शेवटी पणजीच्या माहेराने सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे जन्माची नोंद आजोळच्या गावात, कदाचित दुसऱ्या तालुक्यात. हे लक्षात ठेवा. थोरल्या अपत्याची नोंद बापाच्या गावात सापडली नाही म्हणून हात टेकू नका. आजोळच्या बुकात मार्च १९१९ मध्ये मिळाली: बापाचं नाव, बापाचं गाव, लिंग ‘पुरुष’. मुलाचं नाव रिकामं, कारण नोंद बारशाआधीची. आमच्या गावच्या मृत्यूंच्या पानांवर या बापाचं कुठलंही मूल गेल्याची नोंद नाही, आणि १९२२ मध्ये त्याच्या घरी मुलगा झाल्याचीही नाही. एवढ्यावर मी १९१९ लिहिलं. दाखला हा सरकारी कागद आणि वही खासगी, पण इथे वही वरचढ ठरते. ती लिहिताना मूल समोर होतं आणि खोटं वय सांगून कुणाला काही मिळणार नव्हतं.

दुसरा प्रश्न जास्त चिवट निघाला. त्र्यंबकेश्वर नाशिकहून साधारण ३० किलोमीटर, बस सतत असतात. तिथले उपाध्ये वेगळे, वह्या वेगळ्या. नाशिकला बघितलं म्हणून त्र्यंबक सोडू नका, कारण एकाच कुळातली माणसं कधी इथे नाव लिहून गेली, कधी तिथे. त्र्यंबकच्या वहीत शके १८१८ ची, म्हणजे १८९६ च्या सिंहस्थाची नोंद मिळाली. तीत पणजोबा लहान मूल, आणि बापाचं नाव नाशिकच्या वहीतल्यापेक्षा वेगळं. म्हणजे भाऊकीतल्या दोन्ही वंशावळींना आपापला आधार होता!

असं झालं की बहुतेक जण एकतर एक नोंद चूक ठरवतात किंवा ‘दोन वेगळी माणसं’ म्हणून मोकळे होतात. दुसरी शक्यता आपल्याकडे खरंच मोठी आहे. आजाचं नाव नातवाला, म्हणून रामजीचा महादू, महादूचा पुन्हा रामजी. चुलत घरांतही तीच दोन नावं. एक पिढी गळली तरी साखळी जुळल्यासारखी दिसते. त्यामुळे नाव जुळणं हा पुरावा धरू नका. नावाबरोबर भावांची नावं, बायकोचं नाव किंवा जमिनीचा नंबर यांतलं एक तरी जुळलं पाहिजे.

आमच्याकडे जमीन बोलली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, तेव्हापासून पुढे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, सुरू होतात. नाशिकसह काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, शुल्क भरून मिळतात. आमच्या गावच्या पहिल्या काही फेरफारांपैकी एकात, १९०८ च्या सुमाराचा, पणजोबांचं नाव नाशिकच्या वहीतल्या बापासह आहे आणि पुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्याचा पालक. पालनकर्ती म्हणून एका बाईचं नाव आणि त्यापुढे ‘कोम’ लावून त्याच बापाचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. कधी ‘भ्रतार’ही लिहितात. खातेदार आधीच वारलेला, विधवा आणि अज्ञान मुलगा.

मग १८९६ च्या वहीतल्या बापाचं खातं काढलं. तो भाऊकीतलाच. त्याच्या मुलांच्या वाटणीचा फेरफार १९२२ चा, त्यात पणजोबांच्या सख्ख्या भावांची नावं आहेत, त्र्यंबकच्या वहीतलीच, त्याच क्रमाने. पणजोबा नाहीत. म्हणजे ते त्या विधवेला दत्तक गेले होते, आणि दत्तक गेलेल्याला जन्मघरी वाटा मिळत नाही. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीशिवायही दत्तक घेता येत असे. म्हणून फेरफारात मधला टप्पा दिसत नाही, मयत खातेदारावरून थेट ‘मुलगा’. १८९६ ची नोंद जन्मदात्याने सांगितली, १९२० ची स्वतः पणजोबांनी, दत्तक बापाच्या नावाने. दोघेही खरं बोलले.

दत्तकपत्र मिळालं नाही. दुय्यम निबंधकांकडे शोध जरूर घ्या, पण ते नोंदवलेलं असेलच असं नाही, आणि नसलं म्हणून दत्तक झालंच नाही असंही होत नाही. तसंच उलट बाजूने: सातबाऱ्यावर एकाच भावाचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर बाकीचे भाऊ नव्हतेच असा अर्थ काढू नका. ते एकत्र कुटुंब मॅनेजर, खातं त्याच्या नावाने चालायचं.

सनांचा हिशेब खिशात लिहून ठेवा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. जुन्या कागदांत दिसणाऱ्या दख्खनी फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९, आणि दोन्ही वर्षं जूनमध्ये मृगाला बदलतात म्हणून जानेवारी ते मेच्या कागदांना एक जास्त. एका वर्षाचा फरक दोन नोंदींत आला तर भांडण्याआधी हा हिशेब करा. सिंहस्थाची वर्षं (१८९६, १९०८, १९२०, १९३२, १९४४) वेगळी लिहून न्या. गुरुजींना ‘१९३२ च्या सिंहस्थाचं पान बघता का’ असं विचारलं की काम झटपट होतं. दक्षिणा आधी ठरवायची पद्धत नाही, पण वही काढायला वेळ जातो याचं भान ठेवून द्या. फोटो विचारून काढा; काहीजण फक्त उतरवून घेऊ देतात, तेव्हा कोरे कागद आणि पेन्सिल हवी.

पुण्याचं पुराभिलेखागार, जिथे पेशवे दप्तर आहे, तिथे जायचं का, असं पुष्कळजण विचारतात. घरात वतन किंवा इनाम होतं असं काही ठोस असेल तरच. तेव्हाही मोडी येणाऱ्याला सोबत न्या. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकायची सोय आहे. पुण्यात राहत असाल तर शिकूनच घ्या, वाचक शोधण्याची यातायात वाचते. मराठवाड्याच्या मंडळींनी निजामी कागद उर्दूत असणार हे धरून तशी माणसं शोधावीत.

आमच्या तक्त्यात आता पणजोबांना दोन रेघा आहेत: जन्मदात्याकडे तुटक, दत्तक बापाकडे सलग. प्रत्येक नावाखाली कागद कुठला आणि माहिती कुणी सांगितली तेही लिहिलं आहे. त्यांना दत्तक घेणाऱ्या बाईंचं माहेर मात्र कुठेच लागत नाही. फेरफारात नुसतं ‘कोम’, वहीत नुसतं सासरचं नाव. भाऊकीतल्या एका आत्याबाईंना ते गाव गोदावरीच्या पलीकडचं होतं एवढं आठवतं. पुढच्या वेळी नाशिकला त्या बाजूच्या गावांचे उपाध्ये कोण ते विचारायचं आहे, आणि तिथल्या वह्यांत त्या विधवेचे भाऊ कधी येऊन गेले का ते पाहायचं आहे.