पुसलेल्या बोटी

दुपारी जेवण अंगावर आलेलं असताना मोबाइलवर जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशचं ‘समुद्रकाठचा साधू’ समोर आलं आणि झोप उडाली. चित्रात आहे काय म्हणाल, तर काहीच नाही. खाली पांढुरकी वाळू, मग काळपट पाण्याची चिंचोळी पट्टी, वर सगळं आभाळच आभाळ. पाठमोरा साधू अक्षरशः शोधावा लागतो. १८१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते लागलं. त्याआधीच ते पाहिलेल्या, ओळखीतल्या एका चित्रकाराच्या बायकोनं कुरकुर केली होती: सूर्य नाही, चंद्र नाही, निदान वादळ तरी दाखवायचं!

खरं तर फ्रीडरिशनं बोटी काढल्या होत्या. मग पुसल्या. वरच्या रंगाखाली त्या अजून आहेत, इन्फ्रारेडमध्ये दिसतात.

आत्याच्या गावी आषाढात दर्या असाच रिकामा असायचा. होड्या वर ओढून झावळांनी झाकलेल्या, जाळी पडवीत. पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं, फेससुद्धा मळका. मी छत्री घेऊन निघालो की आत्या करवादायची, “काय ठेवलंय तिथं बघण्यासारखं? एक होडी नाय की माणूस नाय!” मला तेच तर बघायचं असायचं. नारिंगी सूर्यास्त आणि त्यात नेमकं एक शीड, असलं कॅलेंडर घरात आलं की तो महिना मी आजही भिंतीकडे तोंड करून ठेवतो. बायको तारखा विचारते तेव्हा पंचाईत होते, ते सोडा.

मध्यंतरी बर्लिनमध्ये त्या चित्रावरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढलं, तर आभाळ बरंच निळं निघालं. म्हटलं, गेली आता उदासी. कुठची जायला! ती रंगात असती तर गेली असती. ती त्या पुसलेल्या बोटींत आहे.

फ्रीडरिश तेरा वर्षांचा असताना बर्फ फुटून पाण्यात पडला आणि त्याला वाचवताना भाऊ बुडाला, असं सांगतात. म्हणून चित्रं अशी, हेही लगेच जोडतात. असेलही. पण हा हिशोब मला फार सोपा वाटतो. आत्याचे थोरले दीर दर्यावर गेले ते परतलेच नाहीत. तिनं समुद्राकडच्या खिडकीची दारं भडक गुलाबी रंगवून घेतली होती, आणि दर दिवाळीला त्यावर नवा हात मारायची.