तुम्ही विचारलंत म्हणून

रंकाळ्यावर फिरताना भेटलेले मास्तर विचारतात, लग्नात विचारतात, परवा तर न्हाव्याच्या खुर्चीत विचारलं : "6 जानेवारीला, पत्रकार दिनी, शाळांत बोलायला यायचात, पत्रकारितेचं स्वातंत्र्य मुलांना समजावून सांगायचात. आता का येत नाही?" घसा बसलाय, असं सांगत आलो. घसा ठणठणीत आहे.

माझी गोष्ट ठरलेली असायची. 1882. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय, असं केसरी-मराठात छापून आलं, कारभारी बर्व्यांनी खटला भरला आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. 101 म्हटलं की पोरं टाळ्या वाजवायची. ज्या पत्रांच्या आधारावर हे छापलं, ती बनावट निघाली आणि दोघांनी माफीही मागितली होती, हे मी गाळायचो. लहान मुलांना कशाला गुंता, असं तेव्हा वाटायचं. खरं म्हणजे टाळ्या कमी झाल्या असत्या.

एका शाळेत भाषण संपलं. शाल, श्रीफळ झालं. बाहेर व्हरांड्यात मुलांचं भित्तिपत्रक होतं. त्यात सातवीतल्या एका मुलीची चौकट : 'मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एक मैत्रीण बाहेर उभी करावी लागते. मी सोमवार ते शनिवार रोज बघितलं.' मुख्याध्यापक हसले, एकेक टाचणी काढली, कागदाची चौघडी करून खिशात घातली. "पाहुणे आलेत आज." पाहुणा मीच. पोरगी माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात नारळ.

मी म्हणालो, "बाळ, आधी अर्ज द्यायचा असतो."

"दोनदा दिलाय की, सर."

मी चपला शोधायला लागलो.

आता म्हणाल, दुसऱ्याच्या शाळेत पाहुण्यानं काय बोलायचं? मीही स्वतःला हेच सांगितलं. नोकरीत जाहिरातदाराची बातमी आतल्या पानावर ढकलली, तेव्हाही असंच काहीतरी सांगितलं होतं. पोटापाण्याचा प्रश्न असतो, तो खोटा नाही. पण व्हरांड्यात माझा कसला पगार अडला होता? आणि तिची बातमी तर सहा दिवस स्वतः तपासलेली. त्या पत्रांइतकीही कच्ची नव्हती.

यंदाही एका शाळेचा फोन आला, "सर, मुलांना सोपं करून सांगा." हो म्हणालो नाही, नाही असंही म्हणालो नाही. ती कडी बसली का, हे विचारायला मात्र त्या शाळेत मी अजून गेलेलो नाही. तीस वर्षं वार्ताहर होतो.