जुनापाणीचे दगड आणि बाबांची निळी पत्रं

विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी नागपूरला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत बाबांची तीन आंतर्देशीय पत्रं होती. घड्यांवर विरत आलेली, म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली. बरोबर लेक. तिला तेरावं लागलंय.

बाबा नोकरीपायी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकटे राहायचे, आम्ही अकोल्याला आजीकडे. दर रविवारी त्यांचं पत्र निघायचं. वर 'चि. सुमीस अनेक आशीर्वाद', दोन ओळी तब्येतीच्या, की लगेच ग्रीस, चीन, नाहीतर अमेरिका. ही कल्पना त्यांना नेहरूंच्या पत्रांवरून सुचली. १९३० ते १९३३ या काळात नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला १९६ पत्रं लिहिली. पहिलं नैनीच्या तुरुंगातून, २६ ऑक्टोबर १९३० चं, तिच्या तेराव्या वाढदिवसाचं. इंदिरेचा जन्म १९ नोव्हेंबरचा, पण वाढदिवस तिथीने धरला होता. बाबांना याचं फार कौतुक. "वाढदिवसाला द्यायला तुरुंगात दुसरं काय असणार? म्हणून अख्खं जग दिलं," म्हणायचे.

त्या पत्रांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक सवय. एका देशाची गोष्ट रंगात आली की नेहरू मध्येच थांबतात आणि विचारतात, या वेळी बाकीच्या जगात काय चाललं होतं? हाताशी ग्रंथालय नसताना, टिपणवह्यांच्या आधारावर. शाळेत मी इतिहास शिकले तो धड्याधड्यांत तुटलेला; तो जोडला गेला बाबांच्या निळ्या कागदांवर. फक्त बाबा सुरुवात नागपुरातून करायचे.

सीताबर्डीवर तर्री पोहे खाऊन आधी गांधीसागर तलावाकडे गेलो. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल आहे. तिथल्या कठड्यावर बसून लेकीने दुसरं पत्र मोठ्याने वाचलं:

"बाई, तुझ्या आजोबांच्या कापसाचा आणि अमेरिकेतल्या गुलामांचा संबंध आहे. १८६१ मध्ये तिकडे यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. भाव चढले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले, पण रेल्वे आली ती राहिली. १८६७ ला नागपूरला पोचली. माझी नोकरी त्याच रुळांवरची."

पुढे जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे गिरणी सुरू केली ते. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. लेक पत्र खाली ठेवून विचारते, "म्हणजे तिकडे लढाई झाली नसती तर आजोबा इथे आले नसते?" मला उत्तर सुचेना. प्रश्न मात्र अगदी बाबांना हवा तसा होता.

दुपारी काटोल रोडने जुनापाणीला. माळावर काळ्या दगडांची वर्तुळं, आजूबाजूला वाळलेलं गवत. अशी सुमारे तीनशे वर्तुळं इथे आहेत. लोहयुगातल्या लोकांची ही दफनं, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी भांडी आणि घोड्यांचे अवशेषसुद्धा मिळालेत. तिकडे पेंचकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. त्याच सहस्रकात बुद्ध झाला, चीनमध्ये कन्फ्यूशियस झाला, ग्रीसमध्ये नगरराज्यं उभी राहिली. त्यांची नावं पुस्तकात आली. इथल्या घोडेस्वारांचं एकही नाव उरलं नाही, आणि याची मला त्या माळावर उभी असताना फार रुखरुख लागली.

बाबांचं तिसरं पत्र इथलंच. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत आले होते. लिहिलंय: "काही दगडांवर वाटीसारखे बारके खळगे आहेत, ओळीने कोरलेले. वाटेजवळच्या एका दगडावर मी चौदा मोजले. तू आलीस की पुन्हा मोजू, मला एकट्याचा भरवसा नाही."

तेव्हा येणं झालं नाही. दहावी, मग कॉलेज, मग बाबांचं आजारपण.

ऊन कलल्यावर खळगे दिसायला लागले. भर उन्हात ते दगडात विरून जातात; तिरप्या उजेडात प्रत्येकात सावली साचते. लेक एकेका खळग्यात अंगठा ठेवत पुढे सरकत होती, तोंडाने आकडे म्हणत. बारावर थांबली. शेवाळ नखाने खरवडलं, तेरावा निघाला. मग दगडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन, जमिनीलगत गवत बाजूला करत, गुडघ्यांवर बसून शोधू लागली.

"आई, बाबा-आजोबांनी या बाजूचे धरले होते का गं?"

मी पत्र पुन्हा उघडलं आणि तिच्याशेजारी खाली बसले.