"कोणाक भेटलंस?"

जिल्हा ग्राहक आयोगाच्या सदस्यपदासाठी अर्ज भरतेय म्हटल्यावर कुडाळात शेजारच्या आबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कोणाक भेटलंस गो?" पात्रता काय, परीक्षा कसली, काही नाही.

आबांचंही चुकत नव्हतं म्हणा. २०२० च्या नियमांत लेखी परीक्षा नव्हतीच. निवड समितीनं आपली पद्धत आपणच ठरवायची. वर सदस्याला १५ वर्षांचा अनुभव हवा. नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये या तरतुदी रद्द केल्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं, अनुभव १० वर्षांवर आणला आणि १००-१०० गुणांचे दोन पेपर व ५० गुणांची मुलाखत घ्यायला सांगितलं. माझी पतसंस्थेतली नोकरी १२ वर्षांची. आधी असते तर दारातच अडले असते.

खरा घाम काढला तो अनुभवाच्या दाखल्यानं. जुन्या संस्थेनं लिहून दिलं, "सदर कर्मचारी कामावर होत्या." कसल्या कामावर? हिशेब, कर्जवसुली, सभासदांच्या तक्रारी, एवढं घालून घ्यायला तीन खेपा झाल्या. शेवटी मजकूर मीच टाइप करून नेला, त्यांनी नुसता शिक्का मारला.

पहिला पेपर पर्यायांचा, तो निभावला. दुसऱ्यात निबंध आणि एका तक्रारीचा निवाडा, तीन तास सलग लिहायचं. दोन्हींत ५० टक्के हवेतच. महिनाभर रात्री भांडी आवरून घड्याळ लावून लिहीत बसले. २५० पैकी २०० गुण माझ्या पेनात आहेत, हा एकच धीर.

मुलाखतीत विचारलं, "हापूस म्हणून कर्नाटकातला आंबा दिला तर?"

"अनुचित व्यापारी प्रथा. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय."

"आंबे तर खाऊन झाले. पुरावा?"

"बिल," म्हणाले, आणि तोंडातून निसटलंच, "पण साहेब, आमच्याकडे आंब्याच्या पेटीचं बिल देतो कोण?"

सगळे हसले. मी मात्र परतीच्या गाडीत चिपळूणपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

यादीत नाव आलं. पेढे घेऊन आबांकडे गेले. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "मगे, कोण होतो ओळखीचो?"

"कोणी नाही हो आबा."

"सांगूचा नसात तर नको सांगू," म्हणत त्यांनी दुसरा पेढा उचलला.