एटी टायर घेताना साइजच्या पुढचा आकडा वाचा – माझा अनुभव

एटी टायर (ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चा भाग दोन्हीकडे चालणारा) कुठला घ्यायचा हे माझं लवकर ठरलं होतं, डोकं उठलं ते ठरवलेला टायर गाडीला लागेपर्यंत. तो वैताग अजून पुरता गेलेला नाही म्हणून सगळं लिहून काढतोय, कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, गाडी पाचव्या जनरेशनची टोयोटा फोररनर, मागे ओढायला छोटा कॅम्पर (चाकांवरची राहायची खोली). सामान, पाणी भरून साधारण ३,५०० पाउंड होतो, गाडीची ओढायची मर्यादा ५,००० आहे. आमचं ठरलेलं असतं, आय-७० हायवेने डोंगर ओलांडून युटामधल्या खडकाळ मोआबला जायचं, कॅम्पर कॅम्पसाइटवर सोडायचा आणि नुसती गाडी घेऊन दगडात शिरायचं. म्हणजे टायरकडून दोन वेगळी कामं हवीत. कॅम्पर मागे असताना घाटात टायरची बाजू लिबलिबीत नको, आणि खाली दगडावर तीच बाजू फाटायला नको.

कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीमागे कॅम्पर जोडायच्या हुकवर) येतो, म्हणजे आमच्या बाबतीत ३५० ते ५२५ पाउंड. पण हिच मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे पुढची चाकं थोडी हलकी होतात आणि मागच्यांवर त्याहून जास्तच बसतो. शिवाय गाडीत मागे भरलेला कूलर, स्वयंपाकाचा पसारा, मुलांच्या सायकली. त्यामुळे मी एलटी (लाइट ट्रक) टायर, लोड रेंज ई म्हणजे जास्त भार पेलणारी मजबूत बांधणी, असं पक्कं केलं. ज्यांना वर्षातून एकदाच हलका ट्रेलर न्यायचा आहे आणि बाकी ऑफिस-घर करायचंय त्यांनी हे घेऊ नका. जड असतो, मायलेज खातो, आणि रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो.

आता मुख्य गोष्ट. मी निवडला फाल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू, साइज २६५/७० आर१७. या एकाच नावात आणि एकाच साइजमध्ये दोन वेगळे टायर येतात. एकावर ११५टी लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर आधी एलटी आणि शेवटी १२१/११८एस. ११५ म्हणजे एका टायरला १,२१५ किलो, १२१ म्हणजे १,४५०, आणि तोसुद्धा ८० पीएसआय हवा भरली तर. नक्षी बघून दोन्ही एकच वाटतात, फरक आतल्या बांधणीत आणि बाजूच्या जाडीत आहे.

दुकानात मी हे स्पष्ट सांगितलं, ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतलं. टायर आले म्हणून फोन आला, अर्धा दिवस सुट्टी टाकून गेलो, गाडी लिफ्टवर चढवण्याआधी टायर बघायला मागितले तर पाचही ११५टी! काउंटरवरचा मुलगा म्हणतो सेम टायर आहे, सिस्टिममध्ये तुमच्या गाडीला फिट होतो असं हिरवं दिसतंय. अरे बाबा, फिट होतो हे मलाही माहितीये, रिमवर चढेलच की, प्रश्न ओढण्याचा आणि दगडाचा आहे. त्याला ते पटेना, त्याच्यासाठी साइज जुळली की विषय संपला. शेवटी मॅनेजरला बोलावलं, कागद दाखवला, तेव्हा परत ऑर्डर गेली.

मग सुरू झालं वाट बघणं. आज येतील, उद्या येतील, वेअरहाऊसमधून निघालेत, ट्रक चुकला. दर वेळी फोनवर वेगळा माणूस आणि दर वेळी मी पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायची. मध्येच कुणीतरी सुचवलं की चार एलटी आलेत ते लावून घ्या, स्टेपनीला जुनाच राहू दे. मी ठाम नाही म्हणालो. फोररनरची स्टेपनी पूर्ण साइजची असते, मोआबच्या दगडात टायर गेला तर तीच लागणार, आणि परतीला मागे कॅम्पर असणार. पाचवा आला तर त्याची तारीख बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं जुनी निघाली. बाजूवर डीओटी कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल, २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. तो परत पाठवायला लावला. बायको म्हणाली एवढं कशाला ताणतोस, पण नव्या टायरचे पैसे घेताय ना, मग नवा द्या.

बसवल्यावरही संपलं नाही. त्यांनी दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३२ पीएसआय भरून गाडी समोर आणली. तो आकडा गाडीसोबत आलेल्या पी (पॅसेंजर, साध्या गाडीच्या) टायरचा आहे, एलटीला तेवढाच भार उचलायला जास्त हवा लागते. परत मॅनेजर, परत काउंटर, पण या वेळी मॅनेजरने टायर कंपनीचं लोड-प्रेशरचं (किती भाराला किती हवा याचं) टेबल काढलं आणि आकडा चाळीसच्या आसपास निघाला. ते टेबल तुम्हीही मागा, अंदाजाने भरू नका. कॅम्पर जोडला की मागच्या दोन टायरना मी त्याहून वाढवतो.

पहिल्याच ट्रिपला ट्रक शेजारून गेला तर आधी कॅम्पर जसा शेपूट हलवायचा तसा हलला नाही, तेव्हा मात्र सगळी भांडणं वसूल झाली असं वाटलं.

बर्फाचं राहिलं. बाजूवर डोंगरात हिमकण असं चिन्ह बघून घ्या, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) बर्फासाठी तितकं भरवशाचं नाही. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो सप्टेंबर ते मे ट्रॅक्शन लॉ (टायरच्या पकडीचा नियम) असतो, नक्षीची खोली किमान ३/१६ इंच लागते.

दगडात शिरताना मी हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवतो, ई रेंजचा टायर कडक असतो, हवा न काढता तो दगडाला धरतच नाही. पण मग कॉम्प्रेसर सोबत हवाच, कमी हवेवर कॅम्पर जोडून हायवेला लागणं धोक्याचं आहे. आणि कॅम्परला स्वतःचे एसटी (खास ट्रेलरचे) टायर असतात, तिथे दिसायला छान म्हणून एटी लावू नका. नवीन टायर बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी नट टॉर्क रेंचने परत तपासायचे असतात, हे दुकानात मला कुणी आपणहून सांगितलं नाही, बिलावर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं.