फुटलात, तर मग परत का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या आवारात, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा हा प्रश्न मला गाठतो: "शेकाप मुळात काँग्रेसमधूनच फुटलेला, आता पक्षात उरलंय काय? परत तरी जा, नाहीतर जिथे सत्ता आहे तिथे जा." विचारणारे बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचेच असल्यामुळे त्यांना शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, इतिहास नव्याने सांगण्याचे कारण नाही. माझी तक्रार प्रश्नामागच्या समजुतीबद्दल आहे. रुसून माहेरी गेलेल्या सुनेने राग ओसरल्यावर सासरी परतावे, तसे पक्षानेही परतावे, असे या मंडळींनी धरून ठेवलेले असते.

केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी 1947 मध्ये काँग्रेसच्या आत राहूनच शेतकरी-कामकऱ्यांचा संघ उभा केला होता. आत राहून आपले म्हणणे चालत नाही, हे दिसल्यावर ते बाहेर पडले. 1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली आणि चारच वर्षांनी स्वतः जेधे काँग्रेसमध्ये परतले. प्रश्न विचारणाऱ्यांचा हुकमी मुद्दा हाच असतो, की ज्यांनी पक्ष काढला तेच परत गेले, मग तुम्ही कोण लागून गेलात? कॉलेजात असताना मी याला एका शब्दात उत्तर देत असे, आणि तो शब्द होता फितुरी. आज तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पण त्या वयातला मी समोर येऊन बसला, तर तो विचारील की शब्द बदलला म्हणून गोष्ट बदलते काय, आणि त्याला काय सांगावे हे मला कळत नाही. एवढे मात्र दिसते की 1962 मध्ये आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले ते परत गेलेल्यांच्या बळावर नव्हे, तर तालुक्यात मागे राहिलेल्यांच्या बळावर. पुढे ते एकूण अकरा वेळा निवडून आले.

आम्हाला सत्तेचा विटाळ आहे असेही कोणी समजू नये. 1978 च्या पुलोद, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारात आमचा पक्ष होता आणि 1999 नंतर आबासाहेब काँग्रेस-राष्ट्रवादीच्या मंत्रिमंडळातही बसले. तेव्हा सोवळेपणाचा आव मी आणत नाही.

जिच्यामुळे हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने लागला, ती गोष्ट 24 ऑक्टोबर 2019 ची आहे. आबासाहेबांनी वयोमानामुळे निवडणूक न लढवण्याचे ठरवले होते आणि त्यांचे नातू उमेदवार होते. मी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या बाहेर बसलो होतो. मांडीवर नमुना 17 सी च्या, म्हणजे प्रत्येक केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या, प्रती, हातात पेन, आणि प्रत्येक यंत्राचा आकडा अधिकाऱ्याने दाखवला की तो लिहून घ्यायचा. आघाडी एका फेरीत आमच्याकडे तर पुढच्या फेरीत त्यांच्याकडे जात होती. शेवटी शेवटी बेरीज करताना माझे पेन चालेना, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या अण्णांनी माझ्या हातून कागद घेतला आणि स्वतः बेरीज केली. याच अण्णांनी मला पक्षात आणले होते आणि त्यांच्याच सायकलवर मागे बसून मी पहिल्यांदा प्रचाराला गेलो होतो. आम्ही 768 मतांनी हरलो. बाहेर गुलाल उधळला जात होता आणि तो आमच्या सदऱ्यांवरही पडत होता.

गावाकडे परतताना अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. महूदच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "मी आता जाणार. तूही चल. पोरांच्या नोकऱ्या, गावचे रस्ते, किती दिवस नुसतं निवेदनं देत हिंडायचं?" मी म्हणालो, "अण्णा, आज नको हा विषय." ते म्हणाले, "आज नाही तर कधी? आबासाहेबांचं वय बघ." त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द मला खोडता आला नाही. महिन्याभरात ते गेले, आणि ज्या पक्षात गेले तिथे त्यांचा मान राखला गेला, हेही खरे आहे. 30 जुलै 2021 रोजी आबासाहेबांचे निधन झाले, तेव्हा अण्णा सर्वांच्या आधी येऊन बसले होते.

मग मी का राहिलो? पाण्यामुळे. सांगोला नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला आहे. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणीही वरचे तालुके ओलांडूनच आमच्याकडे यायचे. मोठ्या पक्षात गेलो असतो, तर कालव्याच्या वरच्या अंगाच्या ऊसवाल्या तालुक्यांचे आमदार त्याच पक्षात, त्याच बैठकीत आमच्यापेक्षा वजनदार म्हणून बसले असते, आणि शेपटाच्या तालुक्याचे म्हणणे दार लावून मिटवले गेले असते. आटपाडीच्या पाणी परिषदेत आबासाहेब आणि वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी समन्यायी पाणीवाटपाची मागणी कोणत्याही सरकारकडे मोकळेपणी करू शकले, कारण त्यांना वरून गप्प बसवणारे कोणी नव्हते. एवढ्यासाठी लहान पक्ष लागतो.

यावर अण्णांचे उत्तर तयार असते, की पाणी मागायला पक्ष लहान चालतो, पण मंजुरीवर सही करायला मोठाच लागतो. 2024 मध्ये महाविकास आघाडीने आमच्याविरुद्ध उमेदवार दिला, तरी आम्ही पंचवीस हजारांवर मतांनी जिंकलो. त्या रात्री मला वाटले की आता अण्णांचे तोंड बंद झाले. पण त्याच दिवशी रायगडात, जिथे एके काळी गावोगाव आमचा लाल बावटा होता, तिथे आमचा एकही उमेदवार निवडून आला नव्हता, आणि अण्णांनी ते फोनवर मला लगेच ऐकवले. सबंध विधानसभेत आमचा एक आमदार आहे. एका आमदाराने कालव्याचे दार उघडते का, हे मलाही विचारावेसे वाटते.

अण्णा अजून दर दिवाळीला घरी येतात आणि निघताना "मग कधी येतोस?" असे विचारतात. मी नाही म्हणतो, कारणही तेच सांगतो, आणि ते कारण त्यांना अजून पटलेले नाही.