तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेचं सगळ्यात सेफ इंजेक्शन कुठलं?

मी भूलतज्ज्ञ आहे, परळला काम करते, आणि एण्डोस्कोपी-कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने पोट-आतडं बघायच्या तपासणीच्या) आधी नातेवाईक हमखास विचारतात, मॅडम, सगळ्यात सेफ असेल तेच इंजेक्शन द्या हं. प्रोपोफॉल या झोपेच्या इंजेक्शनचं नाव काढलं की चेहरेच उतरतात, कारण 2009 मध्ये मायकल जॅक्सन त्यानेच गेला हे सगळ्यांना माहितीये. पण ते घरी, बेडरूममध्ये, झोप लागत नाही म्हणून दिलं होतं, श्वासावर नजर ठेवायला धड सोय नव्हती, हे कोणी सांगतच नाही.

प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं, शिरेत जाताना झोंबतं, पाऊण मिनिटात माणूस झोपतो आणि थांबवलं की थोड्या वेळात बोलायला लागतो. बीपी मात्र उतरतं, श्वास थांबू शकतो, आणि त्याला उतारा नाही. मिडाझोलमला उतारा आहे, फ्लुमाझेनिल, म्हणून ते लोकांना सेफ वाटतं, पण त्याची गुंगी रेंगाळते, सोबत फेंटानिल हे दुखणं दाबणारं औषध दिलं की दोन्ही मिळून श्वास दाबतात, म्हाताऱ्या माणसात तर थोड्याशा डोसनेही, आणि उताऱ्याचा असर आधी संपला की गुंगी परत चढते. केटामाइनमध्ये श्वास बहुतेक वेळा टिकतो पण जागं होताना काहींना भलतंसलतं दिसतं. डेक्समेडेटोमिडीनही श्वासाला फारसा धक्का लावत नाही, पण नाडी मंदावते आणि चढायलाच दहाएक मिनिटं, तेवढ्यात एण्डोस्कोपी उरकते.

माझ्या आईची कोलोनोस्कोपी असेल तर मी प्रोपोफॉलच निवडेन, पण फक्त तिच्या श्वासाकडे बघायला एक वेगळा माणूस हवा, स्कोप धरणाऱ्या डॉक्टरने दोन्ही करायचं नाही, आणि कॅप्नोग्राफी, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मॉनिटरवर रेघेने दाखवणारी सोय, हवीच. नाकात ऑक्सिजन चालू असला ना, की श्वास थांबला तरी बोटावरच्या क्लिपचा ऑक्सिजनचा आकडा काही वेळ 98-99 दाखवत राहतो, सगळ्यांना वाटतं छान चाललंय, कॅप्नोग्राफीची रेघ मात्र तिथल्या तिथे सपाट होते. म्हणून औषधाच्या नावाआधी हे दोन प्रश्न विचारा, बिनधास्त, कोणी रागावलं तरी.

आणि पेशंट जोरात घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का हे घरच्यांनीच सांगायचं, त्याला स्वतःला कळत नाही. सहा तास काही खायचं नाही, दुधाचा चहा त्यातच आला, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घरी न्यायला कोणीतरी बरोबर हवंच, एकट्याने लोकल पकडायची नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही.